ओजिमातल्या ताईंचं हरीण

आमच्या दारात पोलीस आला तेव्हा माझ्या हाताला कणीक होती आणि नवरा आंघोळीला गेला होता. तोक्योतल्या ओजिमाला राहायला येऊन आम्हाला जेमतेम महिना झाला होता. माझं जपानी ‘धन्यवाद’ आणि ‘माफ करा’ यांच्या पलीकडे गेलेलं नव्हतं, म्हणून मी आधी माफी मागून घेतली. पोलीस अगदी कोवळा, माझ्यापेक्षाही संकोचलेला. त्यानं कमरेत वाकून नमस्कार केला, फोनवर काहीतरी टाईप केलं आणि फोन माझ्यासमोर धरला. पडद्यावर इंग्रजीत आलं होतं, ‘तुमच्या शेजारच्या बाई रागीट आहेत का?’

आता याला काय सांगायचं? त्या एका महिन्यात शेजारच्या बाईंनी मला बाटलीचं झाकण बाटलीच्याच कचऱ्यात टाकलं म्हणून झापलं होतं. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला कोथिंबीर म्हणजे काय आणि गवत म्हणजे काय, यावर त्यांनी भर रस्त्यात व्याख्यान दिलं होतं. आणि गणपतीत, इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष आरती फार वरच्या पट्टीत घेत होते तेव्हा मधेच टाळ्या थांबवून ‘खाली या, खाली या’ असं सगळ्यांदेखत म्हटलं होतं. प्रामाणिक उत्तर ‘हो’ असंच होतं. पण मी ‘का?’ असं विचारलं. त्यानं परत टाईप केलं. ‘त्यांना बंदूक हवी आहे.’

मी दाराची चौकट धरली. ती कणीक तिथे कितीतरी दिवस होती. ‘फार शांत बाई आहेत,’ असं मी सांगत असतानाच जिन्यातून, दोन मजले खालून, आवाज आला.

“अगं ए! पोलीस आला का तुझ्याकडे? चहा दे गं त्याला, आलं घालून!”

पोलिसानं माझ्याकडे पाहिलं. मी पोलिसाकडे पाहिलं. त्यानं फोन खिशात ठेवला, पुन्हा वाकला, आणि चहा मात्र प्यायला. नंतर कळलं की जपानात बंदुकीचा परवाना देण्याआधी पोलीस शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे अशी चौकशी करतात. परीक्षा असते, डॉक्टरचा दाखला लागतो, दहा ठिकाणी खेटे घालावे लागतात. ताईंना परवाना मिळाला. तो चहामुळे मिळाला, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्यांना सगळे ताईच म्हणत. साठीला आलेले अध्यक्षही ताई म्हणत आणि मंडळातली पोरंटोरंही ताई म्हणत. प्रयोगशाळेतले जपानी लोक ‘ताई-सान’ म्हणत. कऱ्हाडच्या. तरुणपणी डॉक्टरेट करायला तोक्योला आल्या आणि राहूनच गेल्या. लग्न केलं नाही. कोणी कारण विचारलं तर म्हणायच्या, “राहून गेलं गं, कपड्यांना इस्त्री करायची राहते तसं.” विषय वासाचा. मिसो, सोया, लोणची, मुरवलेलं जे काही असेल त्याचा वास कशानं येतो, याचं संशोधन करायच्या आणि विद्यापीठात तेच शिकवायच्या. आम्ही त्यांना वासाच्या डॉक्टर म्हणत असू. उंची बेताची, अंग भरलेलं, केस आखूड आणि पांढरे, आणि आवाज असा की इमारतीला वेगळ्या भोंग्याची गरज नव्हती. जपानी त्या अस्खलित बोलत, पण कऱ्हाडच्या चालीवर. त्यांच्या तोंडून जपानी ‘माफ करा’ ऐकलं की समोरचाच माफी मागायचा.

अशा बाईला शिकार कसली करायची होती? तर पायी, एकटीनं, चोरपावलांनी जंगलात फिरून हरणाची. डोंगरातले बाकीचे शिकारी कुत्री सोडून हाका करून जनावर उठवतात, वायरलेसवर एकमेकांशी बोलतात, दुपारी एकत्र डबे खातात. ताईंना ते पटण्यासारखं होतं असं कोणालाही वाटलं असतं. त्यांना नेमकं दुसरं हवं होतं. एक पाऊल टाकायचं आणि झाड होऊन उभं राहायचं. पुन्हा एक पाऊल.

कारण विचारलं की त्या प्रत्येकाला वेगळं सांगायच्या. मंडळाला सांगितलं होतं, मटण परवडत नाही. प्रयोगशाळेत सांगितलं होतं, हरणं फार झालीत, डोंगरातली रोपं खाऊन टाकतात, शेतकऱ्यांचं नुकसान होतं. हे खरंही होतं. मला मात्र त्यांनी एकदा गवारीच्या शेंगा मोडता मोडता सांगितलं. एका सुट्टीत त्या डोंगरातल्या एका खेड्यात अळंबी शोधायला गेल्या होत्या. वाट चुकल्या. झाडीत एक म्हातारा उभा दिसला. शिकारी. इतका निश्चल की त्याच्या हाताच्या अंतरावर एक पाखरू खुशाल किडे टिपत होतं.

“मी बघत राहिले,” ताई म्हणाल्या. “आणि मला वाटलं, हे मला आलं पाहिजे. मला सगळं येतं गं. पेपर लिहिता येतात, पोहता येतं, माशांची आमटी येते. एक गप्प बसता येत नाही.”

हे त्या इतक्या मोठ्यानं म्हणाल्या की खालच्या मजल्यावरच्या बाईंनी खिडकी लावून घेतली.

सराव त्या आमच्या वसाहतीमागच्या बागेत करायच्या. पानगळीत तिथे वाळक्या पानांचा थर साचे. ताई त्यावरून कबुतरांच्या दिशेनं निघत. आधी पावलाची बाहेरची कड टेकवायची, मग अंदाज घेत तळवा, मग वजन. मध्येच एक पाय हवेत ठेवून थांबायचं. बाकावर बसलेल्या म्हाताऱ्यांना वाटे, ही कुठलीतरी भारतीय योगासनं आहेत. दोन आजीबाई तर मागोमाग तसंच करायला लागल्या. कबुतरांनी सगळ्यांकडे दुर्लक्ष केलं.

सुपरमार्केटातही तेच. संध्याकाळी उरलेल्या माशांवर आणि डब्यांवर निम्म्या किमतीच्या चिठ्ठ्या लावायला एक मुलगा आतून बाहेर येतो. त्याच्या मागे घोळका करून उभं राहणं तिथे बरं दिसत नाही. ताई टोफूच्या कपाटापाशी उभ्या राहून टोफू वाचत. मुलगा एक पाऊल पुढे गेला की ताई एक पाऊल. तो वळला की ताई टोफूत. त्याचा हात उचलला जाऊन चिठ्ठी बांगड्यावर बसते न बसते तोच बांगडा ताईंच्या टोपलीत. “दिसलं?” त्या मला म्हणायच्या. “घाई केली नाही. घाई झाली की हरीण गेलं.”

‘घाई झाली की हरीण गेलं’ हे त्यांचं कुठेही चालणारं वाक्य होतं. व्हिसाच्या कचेरीतल्या रांगेत, माझ्या नोकरीच्या मुलाखतीआधी, अध्यक्षांच्या मुलीचं लग्न ठरत नव्हतं तेव्हा. अध्यक्ष एकदा वैतागून म्हणाले, “ताई, तुमचं तरी कुठे आलंय हरीण?”

तिथेच तर मेख होती. हरीण येतच नव्हतं. नोव्हेंबरच्या मध्याला हंगाम सुरू व्हायचा आणि फेब्रुवारीत संपायचा. दर शनिवारी ताई शिंजुकूहून डोंगराकडे जाणारी ट्रेन पकडायच्या, पाठीवर कापडी खोळीत बंदूक. ट्रेनमध्ये एका बाईंनी एकदा कौतुकानं विचारलं होतं, वाद्य आहे का हे? ताई म्हणाल्या, “हो, पण एकच सूर लागतो.” रविवारी संध्याकाळी परत. चिखलानं भरलेले बूट, तांबडं झालेलं नाक, आणि हात रिकामे. “दिसलं होतं गं,” एवढंच म्हणायच्या. “शेपटीचा पांढरा ठिपका दिसला. जाताना.”

पण तयारी कायमची जय्यत. दर वर्षी हंगामाच्या आदल्या आठवड्यात त्या हरणाचा मसाला करायच्या. कऱ्हाडहून आलेल्या मिरच्या, सुकं खोबरं, धणे, तीळ, लवंग, दगडफूल, सगळं एकामागून एक खरपूस भाजलं जायचं. पहिल्या वर्षी मिरची तव्यावर पडली आणि छताला बसवलेल्या, धुराची सूचना देणाऱ्या यंत्रातून एक गोड बाईचा आवाज सुरू झाला, ‘आग लागली आहे, आग लागली आहे.’ ताई खोकत खोकत तिला समजावत होत्या, “नाही लागली गं बाई, मिरची आहे.” सगळा मजला शिंकत जिन्यात आला. मग मसाला दळून बरणीत, बरणी फ्रिजवर, आणि अख्ख्या मंडळाला फेब्रुवारीतल्या एका रविवारचं जेवणाचं आमंत्रण. हरणाचं मटण आणि भाकरी! मी म्हटलं, “ताई, बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी.” त्या म्हणाल्या, “तुरी येतील. तू ताटं किती लागतील ते बघ.” पहिल्या वर्षी त्या ताटांत कोंबडी आली. दुसऱ्या वर्षी फ्लॉवर-बटाटा. मसाला मात्र अप्रतिम होता, हे माझ्या शाकाहारी नवऱ्यानंही कबूल केलं.

त्यांचं घर दोन खोल्यांचं. बंदुकीला भिंतीत पक्कं बसवलेलं लोखंडी कपाट लागतं, काडतुसांना वेगळं लागतं, आणि ते बघायला दर वर्षी पोलीस येतो. त्यामुळे कपड्यांचं कपाट बंदुकीनं बळकावलं आणि कपडे मिळेल तिथे गेले. साड्या पलंगाखाली, स्वेटर पुस्तकांच्या मागे, आणि शिकारीचा जाड लोकरीचा हिरवा कोट स्वयंपाकघराच्या दारामागच्या खुंटीवर. तो धुतला की आटेल म्हणून धुवायचा नाही, नुसता झटकायचा.

वासाच्या बाबतीत मात्र नियम फार कडक होते. हरणाचं नाक म्हणजे काय चीज असते हे त्यांनी आम्हाला एवढ्यांदा सांगितलं होतं की मला हरणाच्या नाकावर निबंध लिहिता आला असता. शुक्रवारपासून घरात उदबत्ती बंद. फोडणी बंद. डोक्याला तेल नाही, अंगाला बिनवासाचा साबण. शुक्रवारी मी अत्तर लावून त्यांच्या दारात गेले तर दार उघडायच्या आधीच आतून ओरडायच्या, “तिथेच थांब! तुला डोंगरापर्यंत वास येतोय!” जंगलात वारा बघायला खिशात तांदळाच्या पिठीची पुडी असायची. चिमूटभर सोडायची, ती जिकडे उडेल त्याच्या उलट चालायचं.

तिसऱ्या वर्षी गोष्ट गंभीर झाली. मार्चमध्ये ताई निवृत्त होणार होत्या. कऱ्हाडला भावानं वरच्या मजल्यावर त्यांच्यासाठी खोली बांधून ठेवली होती. भाऊ चांगला, भावजय चांगली, फोनवर भाचे ‘आत्या कधी येतेस’ करत. इकडे डोंगरातल्या त्या खेड्यात, अळंबीच्या दिवशी भेटलेल्या त्याच म्हाताऱ्या शिकाऱ्यानं आपल्या वारलेल्या भावाचं घर त्यांना राहायला देऊ केलं होतं. नुसतं पडून आहे, छप्पर चांगलं आहे, पाणी गोड आहे, या, असं. ताई दोन्हीकडे हो म्हणून बसल्या होत्या.

“मग ठरवलंय काय?” मी विचारलं.

“मी कशाला ठरवू? हरीण ठरवेल,” त्या म्हणाल्या. “या हंगामात मिळालं, तर त्या डोंगरानं मला घेतलं. राहीन. नाही मिळालं, तर मी तिथे पाहुणीच. बंदूक पोलिसाला परत आणि कऱ्हाड.”

“ताई, असं कोणी आयुष्य हरणावर सोडतं का?”

“लोक कुंडलीवर सोडतात. हरीण निदान डोळ्यांना दिसतं.”

मला हसू आलं खरं, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. त्यांनी त्या खोलीत राहायला जाणं मला नको होतं. भाऊ कितीही चांगला असला तरी वरच्या मजल्यावरच्या आत्यानं हळू बोलायचं असतं, आल्यागेल्याला जिना उतरून भेटायचं असतं, आणि पोरांच्या परीक्षा असल्या की चपलांचा आवाज करायचा नसतो. ताई तिथे गप्प बसायला शिकल्या असत्या, पण ते हे गप्प बसणं नव्हतं. ज्यासाठी त्यांनी एवढा खटाटोप केला ते वेगळंच होतं. म्हणून मी, आयुष्यात झुरळही न मारलेली बाई, मनापासून हरीण मरण्याची वाट बघू लागले.

नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला, जानेवारीत बर्फ पडलं. ताई रिकाम्या हातांनी येत राहिल्या. हंगामाचा शेवटचा शनिवार-रविवार आला तेव्हा त्या माझ्या दारात आल्या आणि पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाल्या, “येतेस का गं माझ्याबरोबर? शेवटचंच आहे.” नवरा आतून म्हणाला, “जा. पण तिकडून मला काही आणू नका.”

खेडं म्हणजे उतारावर दहा-बारा घरं, त्यातली निम्मी बंद, खाली ओढा आणि वर सरळसोट सुगीची, म्हणजे जपानी देवदाराची, झाडं. शिकारी आजोबा बसथांब्यावर उभे होते. उंच, काटकुळे, ऐंशीच्या पुढचे. ताईंना बघून ते हसले, माझ्याकडे बघून वाकले आणि घरी पोचेपर्यंत अक्षर बोलले नाहीत. ती कसर आजींनी भरून काढली. दारातच त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि जे सुरू केलं ते जेवण होईपर्यंत. तीन वर्षांत माझं जपानी बरंच सुधारलं होतं, तरी मला निम्मंच कळत होतं.

संध्याकाळी ताई आजोबांबरोबर उद्याची वाट बघायला अंगणात गेल्या. आजी आणि मी कोतात्सूत पाय घालून बसलो. ते म्हणजे खाली शेगडी आणि वर रजई घातलेलं बुटकं टेबल. त्यात एकदा पाय गेले की माणूस उठत नाही. आजी मुळा किसत होत्या. म्हणाल्या, “ताई-सान आल्या की घराला किती छान वास येतो! आम्हाला आधीच कळतं. बस वळणावर असते ना, तेव्हाच आमचे हे म्हणतात, आल्या बरं का. आणि लगेच भूक लागल्याचं सांगतात.”

मला फार बरं वाटलं. आपल्या माणसाचं परक्या ठिकाणी कौतुक झालं की बरं वाटतंच. ताई आत आल्या, कोट काढून खुंटीला लावला, हात चोळत बसल्या, आणि मी मोठ्या उत्साहानं ते कौतुक त्यांना मराठीत सांगितलं. बस वळणावर असते, आजोबांना भूक लागते, सगळं.

ताईंचा चेहरा पडत पडत पार कोरा झाला. त्या उठल्या. खुंटीवरचा कोट काढला आणि त्यात नाक खुपसलं. खूप वेळ हुंगलं.

“मला काहीच येत नाही,” त्या म्हणाल्या. “तुला येतो?”

मी हुंगलं. मलाही काही आला नाही. कोटासारखा कोट.

“येणार कसा? तुझ्या घरीही तेच, माझ्या घरीही तेच,” ताई म्हणाल्या. “नाकाला रोजचा वास कळत नाही. हे मी वर्गात शिकवते गं! पहिल्या तासाला शिकवते!” मग आजोबांकडे वळून त्यांनी जपानीत विचारलं, “कोटाला वास येतो?”

आजोबांनी चहाच्या पेल्यात पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, “थोडासा.”

जपानी माणसाचं ‘थोडासा’ म्हणजे किती, हे मला तोवर कळलेलं होतं. सबंध डोंगरभर.

“तीन वर्षं!” ताई ओरडल्या. “तीन वर्षं तुम्ही सांगितलं का नाही?”

आजोबा अवघडले. मान खाली घालून म्हणाले, “वास चांगला होता.”

आणि मग ताई हसायला लागल्या. आधी पोट हललं, मग खांदे, मग त्या कोट कवटाळून चटईवर आडव्याच झाल्या. हरणासाठी मसाला भाजायचा, त्याच्याच धुरात कोट टांगायचा, आणि तो घालून हरणाला भेटायला जायचं! लग्नाच्या वरातीसारखं आधी वाजत गाजत! “अगं, मी त्यांना दर आठवड्याला सांगायला जात होते, बायांनो, तुमचा रस्सा तयार आहे!” त्या डोळे पुसत म्हणाल्या. मी ते आजींना कसंबसं जपानीत सांगितलं. आजी मुळ्याचं भांडं बाजूला ठेवून हसल्या. आजोबाही हसले, पण तोंडावर हात धरून, कारण त्यांना अजून आपण उद्धटपणा केला असं वाटत होतं.

त्याच संध्याकाळी कोटाची रवानगी बाहेरच्या दांडीवर झाली. ताईंनी आणि मी आजींच्या न्हाणीत केसांपासून नखांपर्यंत अंग घासलं. आमचे सगळे कपडे बाहेर, आणि अंगात त्या घरचे. ताईंना आजोबांचा जुना कापूसभरला कोट मिळाला. तो वर्षानुवर्षं गोठ्यात गवताच्या भाऱ्यांवर पडून होता. बाह्या इतक्या लांब की बोटं दिसेनात. त्या दुमडून, वरून आजोबांचंच शिकाऱ्यांचं नारिंगी जाकीट घालून ताई आरशासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “आता मी इथली दिसते का गं?” मी हो म्हटलं. त्या दिसत नव्हत्या. कऱ्हाडच्याच दिसत होत्या. पण वास इथला होता.

सकाळी उजाडल्यावर आम्ही ओढा ओलांडून वर निघालो. थंडीत डोंगरावरून खाली वारा येतो, म्हणून खालून वर. ताईंनी पिठी सोडली, ती आमच्या तोंडावर आली. त्या खूश झाल्या. मला त्यांनी ओढ्यापाशीच सगळं सांगून घेतलं, कारण पुढे बोलायचं नव्हतं. “हरीण शोधू नकोस. पूर्ण हरीण कधी दिसत नाही. तुकडा शोध. कान, पाय, नाक. आणि जंगलात सगळं उभं असतं. आडवी रेघ दिसली की थांब. ती पाठ असते.”

त्यानंतर मी ज्या बाईच्या मागे चालले तिला मी ओळखत नव्हते. तीन वर्षं जिच्या आवाजानं माझ्या भिंती हादरल्या ती बाई पाऊल टाकत होती आणि पान वाजत नव्हतं. एक पाऊल. थांबणं. इतकं थांबणं की मला वाटे, विसरल्या की काय. मान सुद्धा हळूहळू फिरे. सुरुवातीला मला कंटाळा आला, मग पाय दुखले, मग नाकाला खाज सुटली, आणि मग काय झालं कोण जाणे, सगळं ऐकू यायला लागलं. सुगीच्या फांदीवरून बर्फाचा गोळा घसरला तो. वर कुठेतरी पाखरू साल टोकरत होतं ते. माझा स्वतःचा श्वास. मला एकदम फार आनंद झाला, कारण नसताना. आणि मला कळलं की ताई दर शनिवारी कशासाठी येत होत्या. हरीण मिळो न मिळो, हे त्यांना मिळत होतंच. पण हे फुकट घेऊन जाणाऱ्यातल्या त्या नव्हत्या. डोंगराचं व्हायचं तर डोंगरानं तसं म्हणायला हवं होतं.

सूर्य वरच्या कड्यावर आला. आता थोड्याच वेळात ऊन खाली उतरेल, वारा उलटा फिरेल आणि खेळ संपेल, हे मलाही ठाऊक होतं. ताईंनी पिठी सोडली. ती पडली, सरळ खाली. वारा थांबला होता.

त्या क्षणी मला आडवी रेघ दिसली.

उजवीकडे, बांबूच्या खुरट्या झुडपांच्या वर, दोन झाडांच्या मधे. तपकिरी. मी ताईंकडे पाहिलं. त्या डावीकडे बघत होत्या. हाक मारायची सोय नाही, हात लावायची सोय नाही. मी नुसती उभी राहिले आणि मनात म्हणत राहिले, ताई, इकडे. ताई, इकडे. रेघ हलली. तिला मान फुटली, कान फुटले, आखूड शिंगं फुटली. एक तरणा नर आमच्याकडे तोंड करून उभा राहिला, आणि त्यानं नाक वर केलं. हुंगलं. पुन्हा हुंगलं. गवत, गोठा, चुलीचा धूर. रोजचंच. त्यानं मान खाली घातली आणि पाला खायला लागला.

ताईंची मान हळूहळू उजवीकडे येत होती. आली. थांबली. बंदूक कधी खांद्याला लागली ते मला दिसलंच नाही, इतकी ती सावकाश वर गेली. त्यांनी घाई केली नाही. नरानं दोन घास खाल्ले, अंग वळवलं, कूस आमच्याकडे केली, आणि मग तो एकच आवाज झाला.

डोंगरानं तो आवाज तीनदा परत दिला. झाडांवरचं बर्फ झडलं. हरीण जागच्या जागी बसावं तसं बसलं आणि कुशीवर झालं. ताईंनी आधी बंदुकीतलं काडतूस काढलं, बंदूक झाडाला टेकवली, मग जवळ गेल्या आणि गुडघे टेकून बसल्या. त्याच्या मानेवर हात ठेवला. मीही बाजूला बसले. अंग अजून ऊन होतं. मला रडू येईल अशी माझी खात्री होती, आणि आलं, पण ते सगळंच काही दुःखाचं नव्हतं. ताईंनी हात जोडले. ओठ हलले. काय म्हणाल्या ते मी विचारलं नाही.

तेवढ्यात खालून, खेड्यातून, आजोबांची लांब हाळी आली. “ओऽऽऽइ!” गोळीचा आवाज त्यांनी ऐकला होता. ताई उठल्या. ओढ्याकडे तोंड करून, दोन्ही हात तोंडाशी धरून त्यांनी श्वास घेतला. आवाजच येईना. पुन्हा प्रयत्न केला. नुसती वाफ आली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली, नाही जमत. गालांवरून पाणी वाहत होतं आणि चेहरा असा हसत होता की काय सांगू.

“ओऽऽऽइ!” पुन्हा खालून.

मग मीच दोन पावलं पुढे झाले, आणि आयुष्यात कधी ओरडले नव्हते तेवढ्या जोरात ओरडले, “मिळालंऽऽऽ!” जपानी शब्द मला त्या वेळी एकही आठवला नाही. पण खाली एकदम दारं उघडल्याचा आवाज झाला, आजींचा चिरका आनंदाचा सूर आला, कुणीतरी भांडं वाजवलं. मी पुन्हा ओरडले. “ताईंना हरीण मिळालंऽऽऽ!” पाखरं उडाली. पलीकडच्या उतारावर काहीतरी धडधडत पळालं.

ताईंनी आजोबांच्या लांब बाहीनं नाक पुसलं, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून, अगदी पुटपुटल्यासारखं म्हणाल्या, “हळू गं. मला राहायचंय इथे.”